आवाज बंद करून बघा : १९२९ चा एक मूकपट आणि आमचे आठ माग

कुणी बसमध्ये असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी ऑफिसात काम करतोय असं दाखवत असाल. कानात इयरफोन आहेतच. आणि आज मी कानाने ऐकायच्या कार्यक्रमात अशा एका फिल्मबद्दल बोलणार आहे जिच्यात आवाजच नाही. जरा उलटंच आहे, पण चालवून घ्या.

फिल्मचं नाव 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'. साल १९२९, सोव्हिएत युनियन. दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्ह. लांबी साधारण ६८ मिनिटं. एका शहराचा पहाटेपासूनचा दिवस, बस, एवढीच गोष्ट. नट नाहीत, सेट नाहीत, पटकथा नाही. मूकपटात मधेमधे अक्षरांच्या पाट्या यायच्या ना, त्यासुद्धा नाहीत. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की हा एक प्रयोग आहे. आणि गंमत म्हणजे ते एक शहर नाहीच. कीव्ह, खार्किव्ह, ओडेसा आणि मॉस्को इथे शूट केलेलं सगळं कापून, जोडून एक शहर केलंय. रस्ता एका गावचा, त्यावर बघणारा माणूस दुसऱ्या गावचा. आपल्याला पत्ता लागत नाही.

ही फिल्म माझ्यापर्यंत कशी आली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा उगाच जुनं काहीतरी उकरून काढतोय.

मी इचलकरंजीचा. घरचे आठ साधे माग होते. गेल्या दिवाळीनंतर पप्पांनी ते विकायचं ठरवलं. नवीन मागांपुढे धोट्याच्या मागाचं गणित बसत नव्हतं. गिऱ्हाईक कसलं, भंगारवाला. वजनावर. टेम्पो यायला नऊ दिवस होते. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, एडिटिंग येतं असा माझा समज होता. म्हटलं, माग जायच्या आधी एक व्हिडिओ करून ठेवू. फोन घेतला आणि दोन दिवस शूट केलं.

पहिला घोळ आवाजाचा. ज्यांनी मागाचा कारखाना बघितलाय त्यांना माहितीय, आठ माग एकदम सुरू असले की शेजारच्या माणसाशीही खुणेनं बोलतात. फोनच्या माईकवर नुसती खरखर आली. मग ठरवलं की पप्पांची मुलाखत घेऊ, तीच वरून लावू. पप्पांना बसवलं. ते म्हणाले, "काय सांगायचं त्यात? माग हाय. चालतोय." झाली मुलाखत. बरं, तीस वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे मी प्रश्न ओरडून विचारत होतो आणि ते उत्तर ओरडून देत होते. ते काही वापरण्यासारखं नव्हतं.

मग मी काय केलं असेल? तुम्हीही तेच केलं असतं. बासरीचं उदास म्युझिक लावलं. सगळं स्लो मोशनमध्ये टाकलं. चार मिनिटांचा व्हिडिओ. मला स्वतःला रडू आलं. मित्राला पाठवला. त्याने तो एसटीत बसून म्यूटवर बघितला आणि लिहिलं, "मशीनं छान दिसतात. पण कोण काय करतंय?"

मी चिडलो. मग मीच म्यूट करून बघितला. त्याचं बरोबर होतं. माझ्या चित्रात काहीच नव्हतं. जे होतं ते बासरीत होतं.

त्या रात्री मी 'आवाजाशिवाय गोष्ट कशी सांगायची' असलं काहीतरी शोधत होतो आणि ही फिल्म सापडली. पहिल्या दहा मिनिटांत कंटाळलो, खोटं कशाला बोलू. मग एक सीन आला आणि उठून बसलो. तोच आधी सांगतो.

काही बायका घोडागाडीतून चालल्यात. शेजारून मोटार धावतेय, मोटारीत कॅमेरामन उभा आहे, हँडल फिरवत त्यांना शूट करतोय. त्यातली एक बाई हाताने हँडल फिरवल्याची नक्कल करून त्याला चिडवते. घोडा दौडतोय. आणि एकदम घोडा थांबतो. म्हणजे चित्रच थांबतं. मग एकेक चेहरा, सगळे थिजलेले. मग दिसते फिल्मची पट्टी, तिच्यावर एका मुलाच्या चेहऱ्याच्या छोट्या छोट्या चौकटी. मग एक बाई टेबलाशी बसलेली, हातात कात्री, मागे फळीवर रिळांच्या गुंडाळ्या नीट लावून ठेवलेल्या. ती पट्टी उजेडात धरून बघते, कापते, जोडते. आणि मग त्याच थिजलेल्या चौकटीतलं ते पोर हसायला लागतं.

मी तो सीन पाच-सहा वेळा मागे नेऊन बघितला. फ्रीझ फ्रेम आपण सगळेच वापरतो, नवरदेव वळला की फ्रीझ, वर नाव. मी कधी विचारच केला नव्हता की थांबवल्यावर पुढे काय? व्हर्टोव्ह घोडा थांबवतो कारण त्याला सांगायचंय की हा घोडा मुळात थांबलेलाच आहे. धावतोय तो त्या बाईंच्या टेबलावर.

त्या बाई म्हणजे एलिझावेटा स्विलोव्हा. या फिल्मच्या संकलक, आणि व्हर्टोव्हची बायको. मोटारीतला कॅमेरामन म्हणजे मिखाईल काऊफमन, व्हर्टोव्हचा सख्खा भाऊ. व्हर्टोव्हचं मूळ नाव डेव्हिड काऊफमन. 'झिगा' म्हणजे युक्रेनियन भाषेत भोवरा, स्वतःच घेतलेलं नाव. तिसरा भाऊ बोरिस, तोही कॅमेरामन, पुढे अमेरिकेत गेला आणि 'ऑन द वॉटरफ्रंट'साठी त्याला ऑस्कर मिळालं. घरातलीच टीम. १९२७ च्या सुरुवातीला व्हर्टोव्हला मॉस्कोतल्या सरकारी फिल्म संस्थेने काढून टाकलं, मग युक्रेनच्या संस्थेने काम दिलं आणि तिथे ही फिल्म झाली. आणि फिल्म झाल्यावर दोघा भावांचं बिनसलं, पुढे एकत्र काम नाही. असो, घरचा धंदा म्हटलं की हे आलंच.

आता शिकलो काय ते बोलू. कॅमेऱ्यापासून सुरू करतो.

तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. मोटर नाही. म्हणजे किती वेगाने हँडल फिरवायचं हे माणसाच्या मनगटावर. जोरात फिरवलं तर एका सेकंदात जास्त चौकटी टिपल्या जातात, आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवल्या की हालचाल हळू दिसते. हळू फिरवलं तर उलट, लोक पळताना दिसतात. आपल्या फोनमधला स्लो-मो आणि टाइमलॅप्स हेच करतो. २४० चौकटी टिपायच्या आणि ३० ने दाखवायच्या, म्हणजे आठपट हळू. तत्त्व शंभर वर्षांपूर्वीचंच. फरक असा की काऊफमनला वेग बदलायला हात दुखवून घ्यावा लागायचा आणि रीळ जास्त जाळावं लागायचं, त्यामुळे तो कारण असल्याशिवाय बदलत नसणार. आपल्याला बटण आहे.

फिल्ममध्ये स्लो मोशन कुठे आहे बघा. खेळाडूंच्या उड्या. उंच उडी, अडथळ्यांची शर्यत, घोडे. जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे. माझ्या व्हिडिओत स्लो मोशन कुठे होतं? पप्पा चहा पिताना.

मग मी परत कारखान्यात गेलो. मागात डोळ्याला न दिसणारं काय आहे? धोटा. इकडून तिकडे जातो तो दिसतच नाही, नुसती रेघ दिसते. तो २४० वर शूट केला. आता हे जरा कामाचं आहे, ऐका. पहिला शॉट घेतला तर सगळा व्हिडिओ लुकलुकत होता. कारण ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज ५० सायकलची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला कळत नाही, पण २४० चौकटींना बरोबर कळतं. साध्या वेगाच्या शॉटला फोनच्या प्रो मोडमध्ये शटर एक छेद पन्नास किंवा एक छेद शंभरवर ठेवलं की भागतं. स्लो-मोला ते चालत नाही. मग ट्यूब बंद केल्या, आणि दुपारी बारा-एकला पत्र्यातल्या काचेतून ऊन पडतं त्या पट्ट्यातल्या मागावर शूट केलं. आणि दिसला ना धोटा! ताण्याच्या दोन थरांच्या मधून मासा जावा तसा जातो, मागे सूत सोडत. मी लहानपणापासून त्या कारखान्यात वाढलो, पण हे पहिल्यांदा बघितलं. पप्पांना फोनवर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आत्ता कळलं डावीकडं कशाला घासतोय ते." त्यांना त्यात बिघाड दिसला होता!

व्हर्टोव्हचा एक शब्द आहे, 'किनो-आय', म्हणजे सिनेमाचा डोळा. माणसाच्या डोळ्याला जे जमत नाही ते कॅमेऱ्याच्या डोळ्याने बघायचं. मोठं तत्त्वज्ञान वाटतं. मला ते धोट्यावरून कळलं.

त्याच्या बाकीच्या करामती पण भारी आहेत. बियरच्या ग्लासात उभा असलेला चिमुकला कॅमेरामन. एका भल्यामोठ्या कॅमेऱ्यावर चढून बसलेला छोटा कॅमेरामन, हा तर पहिलाच शॉट. यासाठी तेव्हा भिंगाचा काही भाग झाकून शूट करायचं, रीळ मागे गुंडाळायचं आणि झाकलेला भाग उघडून त्याच रिळावर परत शूट करायचं. एक चूक आणि दोन्ही शॉट वाया. आणि ट्रायपॉड तीन पायांवर चालत येतो, कॅमेरा वाकून नमस्कार करतो. आपण ज्याला स्टॉप मोशन म्हणतो ते. हे सगळं फोनवरच्या ॲपमध्ये दोन मिनिटांत होतं, त्यामुळे मी त्यावर जास्त वेळ घालवत नाही. शनिवारी दुपारी मोकळे असाल तर चपला चालवून बघा, मजा येते.

मला खरं शिकवलं ते कटिंगने.

या फिल्ममध्ये सतराशेच्या वर शॉट आहेत. ६८ मिनिटांत. भागाकार करा, एक शॉट सरासरी अडीच सेकंदांच्या आत. आत्ताच्या रीलचा वेग आहे हा. पण आपली रील बघून डोकं दुखतं आणि ही बघून दुखत नाही, असं का? मी कागद घेऊन बसलो आणि एका भागातले शॉट लिहून काढले. तो भाग असा. सलूनमध्ये दाढी, केस धुणं, मग नखं घासणारे हात, मग फिल्मचे तुकडे जोडणारे स्विलोव्हाचे हात, मग शिवणारे हात. सगळीकडे हात. काम वेगळं, हालचाल एकसारखी. डोळा एका शॉटमधून दुसऱ्यात घसरत जातो, धक्का बसत नाही. आणि न बोलता एक गोष्ट सांगून होते की फिल्म जोडणं हेसुद्धा शिवणासारखंच हाताचं काम आहे. आता याच जागी मी असतो तर निवेदन टाकलं असतं, 'संकलन हे एक हस्तकौशल्य आहे.' आणि तुम्ही पुढे स्वाइप केलं असतं.

दुसरा एक तुकडा. सरकारी कचेरी. एक जोडपं लग्नाची नोंद करायला आलंय, हसतायत. लगेच त्याच प्रकारच्या टेबलापुढे दुसरं जोडपं, घटस्फोटाची नोंद. मग स्मशानात रडणारी बाई, मयताची मिरवणूक, मग लग्नाची गाडी, मग बाळंतपण. दोन-तीन मिनिटांत अख्खं आयुष्य. कुठेही 'जीवन हे असंच असतं' असली पाटी नाही.

मी माझ्या फुटेजमध्ये अशा जोड्या शोधायला लागलो. कांडी मशीनवर आमच्याकडे दोन बायका होत्या. त्यांच्या बोटांचा एक शॉट होता, तुटलेलं सूत एका झटक्यात गाठ मारून जोडतात तो. आणि दुसरा शॉट होता पप्पांच्या बोटांचा, मागावर तुटलेलं सूत जोडताना. दोन्ही माझ्या चार मिनिटांच्या व्हिडिओत होते, पण एक सुरुवातीला, एक शेवटाकडे. शेजारी ठेवले आणि काम झालं. मग तिसरा शॉट टाकला, रात्री आई पप्पांच्या शर्टाचं बटण लावताना. तो मी मुद्दाम नंतर घेतला. हो, ठरवून घेतला. व्हर्टोव्ह सांगतो की नट नाहीत, पण फिल्ममध्ये सकाळी एक बाई झोपेतून उठते तेव्हा कॅमेरा तिच्या खोलीत आधीच हजर आहे. म्हणजे त्यानेही ठरवूनच केलंय. त्यामुळे मला काही वाईट वाटलं नाही.

एका गोष्टीत मात्र माझं त्याच्याशी जमत नाही. त्याला लोकांना नकळत पकडायची आवड होती. त्या कचेरीच्या सीनमध्येच एक बाई कॅमेरा बघून पर्स चेहऱ्यापुढे धरते. त्याने तो शॉट ठेवलाय. लोक म्हणतात किती खरा क्षण. माझ्याकडे अगदी तसाच शॉट होता. कांडीवाल्या दोघींपैकी एका मावशींनी मी फोन वर केल्यावर पदर तोंडावर घेतला. दिसायला फार सुंदर शॉट होता, मागून ऊन, पदराची कड. मी दोन दिवस तो ठेवला, काढला, परत ठेवला. शेवटी त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "बोटं घे की बाळा, तोंड कशाला?" डिलीट केला. व्हर्टोव्हने विचारलं असतं का? नसतं विचारलं. ती फिल्म थोर आहे हे मान्य, पण त्या पर्सवाल्या बाईंना कुणी विचारलं नाही हेही खरं आहे.

अजून एक. ती फिल्म यंत्रांच्या प्रेमात आहे. पहिली पंचवार्षिक योजना १९२८ ला सुरू झालेली, कारखाने म्हणजे उद्याचा दिवस असा तो काळ. त्यात एक शॉट आहे, सूतगिरणीतली कामगार मुलगी हसतेय आणि तिच्या चेहऱ्यावर फिरणारी चाती. एकावर एक चित्र. यंत्र आणि माणूस दोघंही खूश! मला तो शॉट बघून पोटात कसंतरी झालं. आमचं यंत्र त्या आठवड्यात भंगारात चाललं होतं आणि माझ्या माणसाचे कान त्याने नेले होते. पण तंत्र तेच मी उचललं. पप्पांचा चेहरा आणि त्याच्यावर ताण्याचे धागे, दोन थर, वरच्याचा उजेड निम्म्यावर. ॲपमध्ये ओव्हरले म्हणून असतं ते. फक्त पप्पा हसत नव्हते. ते सूत मोजत होते.

आयझेनस्टाइन, तेव्हाचा दुसरा मोठा रशियन दिग्दर्शक, त्याला ही फिल्म नुसती कॅमेऱ्याची विनाकारण खोडी वाटली होती. मला वाटतं काही ठिकाणी तो बरोबर आहे. शेवटची पाच-सात मिनिटं वेग इतका वाढतो, ट्राम, लोलक, डोळे, आगगाडी, परत स्विलोव्हाचे डोळे, की मी पॉज करून पाणी पिऊन आलो. पण तिथेही एक गोष्ट लक्षात घ्या. वेग हळूहळू वाढलाय. फिल्मच्या सुरुवातीला ओसाड रस्ते, बाकावर झोपलेली माणसं, बंद यंत्रं, हे शॉट आरामात चालतात. आधी शांतता दिलीय म्हणून शेवटची धावपळ पचते. आपली रील पहिल्या सेकंदापासून धावते, मग पुढे जायला जागाच राहत नाही.

त्यावरून मी माझी सुरुवात बदलली. टेम्पो आला, माग गेले, त्या दिवशी मी पप्पांबरोबर उभा होतो, शूट केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मोकळा कारखाना, जमिनीवर आठ काळे तेलकट चौकोन. तो शॉट बारा सेकंदांचा ठेवला आणि सगळ्यात पहिला लावला. मग बंद माग. मग पप्पा बटण दाबतात आणि सगळं सुरू होतं. एकूण व्हिडिओ दोन मिनिटं पन्नास सेकंद. म्युझिक नाही, काहीच नाही.

एसटीवाल्या मित्राने बघितला आणि या वेळी त्याने विचारलं की त्या दोघी आता कुठे कामाला आहेत. म्हणजे त्याला माणसं दिसली.

मग पप्पांना दाखवला. पहिल्यांदा बघताना मधेच थांबवलं. एका जागी मी मागाचा शॉट दीडपट फास्ट केला होता, रंगत यावी म्हणून. ते म्हणाले, "माग असा पळतोय व्हय कधी? सूत तुटंल की." मी तो परत खऱ्या वेगावर आणला. दुसऱ्यांदा बघितल्यावर म्हणाले, "मोकळं आधीच कशाला दाखवलास? शेवटाला दाखव. लोकांना आधीच कळलं तर बघतील कशाला?"

मी त्यांना व्हर्टोव्हची सुरुवात दाखवली, ते ओसाड रस्ते, बंद यंत्रं. बघितली त्यांनी. म्हणाले, "त्याची यंत्रं नंतर सुरू झाली. आपली कुठं व्हायची हाईत?"

यावर आमचं अजून एकमत नाही. दोन्ही फाइली फोनमध्ये आहेत, एकीत मोकळा कारखाना आधी, एकीत शेवटी. पाहुणे आले की पप्पा त्यांची दाखवतात.